म्हसरांची ट्रिप

फोनवर मी हसलो. एवढंच झालं होतं. पण ते हसणं अजून कुठंतरी खुपतंय, म्हणून लिहायला बसलोय.

मागच्या एका जुलैची गोष्ट. रविवार होता, पुण्यात नुसती भुरभुर चालली होती आणि मी गावाकडं फोन लावला होता. काकीनं उचलला. नेहमीच्या चौकश्या झाल्यावर ती म्हणाली, "काल म्हसरं परत आणली एकदाची. नऊ दिवस झालं." तात्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३७ फुटांवर असतानाच दोन्ही म्हशी आणि रेडकू टेम्पोत घालून आत्याच्या गावाला, वडगावकडच्या माळावर नेऊन बांधली होती. इशारा पातळी ३९ ची, धोक्याची ४३ ची. गावात तोवर कुणाच्या गोठ्यातलं दावंही हललं नव्हतं. मग पाऊस उघडला. पाणी ४० च्या थोडं वर जाऊन दोन दिवस तिथंच घुटमळलं आणि इंचाइंचानं उतरायला लागलं. म्हशी परत आल्या त्या संध्याकाळी तात्या दूध घालायला डेअरीवर गेले, तर रांगेतला एकजण म्हणाला, "काय तात्या, म्हसरांची ट्रिप कशी झाली? पन्हाळा दावला का न्हाई?" सगळी डेअरी हसली. काकीनं हे सांगितलं आणि मलाही हसू फुटलं. पन्हाळ्याच्या तटावर उभी राहून लांब कुठंतरी बघत असलेली आमची मोरी म्हैस डोळ्यांपुढं आली, काय करणार. पलीकडून जरा वेळ काहीच आवाज नाही. मग काकी म्हणाली, "तू बी हसालास व्हय?"

त्यातलं ते ‘तू बी’.

आमच्याकडं जून सरला की माणसं फुटा-इंचात बोलायला लागतात. एसटी स्टँडवर, केशकर्तनालयात, मयताच्या घरीसुद्धा "किती झालंय?" म्हटलं की समोरचा "अडतीस-सात" म्हणतो आणि पुढं बोलायला लागतो. कशाचं, कुठलं, हे कुणी विचारत नाही. कोल्हापूर शहरात जामदार क्लबपाशी पाणी आलं की पूर सुरू झाला असं धरतात. काठावरच्या प्रत्येक गावाची अशी आपापली ठिकाणं असतात. आमच्या गावात ४० झालं की ओढ्यावरची फरशी, म्हणजे बुटका पूल, पाण्याखाली जाते, ४५ ला तालमीची पायरी भिजते, आणि त्याच्या पुढचं पाणी ज्यानं त्यानं आपापल्या उंबऱ्यावरून मोजायचं. मोबाईलवर दर तासाला आकडा येतो. राधानगरी धरणाचा तीन नंबरचा दरवाजा उघडला, आता पाच नंबर उघडला, असे निरोप रात्री दोन वाजताही येतात आणि ते वाचून कूस बदलणारी माणसं मी बघितलीत. त्याउलट पुण्यात. २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा खडकवासल्यातून किती क्युसेक सोडलेत हे टीव्हीवर सांगत होते, आणि आमच्या सोसायटीतले लोक एकमेकांना विचारत होते, म्हणजे आपल्या पार्किंगपर्यंत येणार का? त्या क्युसेकची पायरी कुणालाच ठाऊक नव्हती. सोसायटीत मी एकटाच असा होतो की ज्याला वाटलं, अरे, कुणीतरी फुटात सांगा.

पण आकडा ठाऊक असणं आणि आकड्यावर उठणं यात किती अंतर असतं, ते २०१९ ला बघितलं.

ऑगस्टचा पहिला आठवडा होता. पावसाचा जोर सगळ्यांना दिसत होता, आकडे सगळ्यांना कळत होते. तात्या तेव्हा ओसरीवर बसून सांगत होते की २००५ ला पाणी तालमीच्या वर चढलं नाही, आपल्या जोत्याला लागलं नाही, ते आता काय लागतंय. घरोघर हेच चाललं होतं. माणसाच्या मनातली सगळ्यात मोठी रेघ म्हणजे त्यानं स्वतः बघितलेली रेघ. त्या खेपेला बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. सांगलीला आयर्विन पुलापाशी ५७ च्या घरात गेलं. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीपाशी पाण्याखाली जाऊन बंद पडला आणि मी पुण्यात बसून नुसता फोन लावत राहिलो. तिकडं काकी, तात्या आणि शेजारची दोन घरं आमच्या स्लॅबवर. दोन रात्री आणि एक पूर्ण दिवस. काकी सांगते, वरून पाऊस, खालून पाणी, आणि पाण्याला काही आवाज नाही. मधूनच एखादं पिंप भिंतीला ठोकर देऊन जायचं तेवढाच आवाज. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली आणि १७ माणसं गेली. ती बातमी ऐकल्यावर आमच्याकडं बोट आली तेव्हा काकी तिच्यात पाय ठेवायला तयार होईना. पाण्यापेक्षा सुटकेचीच भीती बसलेली. तात्यांनी तिला अक्षरशः ढकलून बसवलं, हे ती अजून त्यांना ऐकवते.

म्हशी तेव्हा तीन होत्या. पाणी गोठ्यात गुडघाभर झालं तेव्हा तात्यांनी दावी सोडली. बांधून ठेवलेलं जनावर जागच्या जागी मरतं, सोडलेलं निदान पोहतं. दोघी उसाच्या कडेकडेनं पोहत शाळेच्या मागच्या उंचवट्याला लागल्या. चंद्री गेली ती गेलीच. तात्यांनी हाक मारल्यावर तिनं मान वळवून बघितलं होतं म्हणतात. हे ते एकदाच बोलले, तेही जेवताना, ताटाकडं बघत.

पाणी उतरल्यावर मी गेलो. त्या वासाबद्दल कितीही लिहिलं तरी ते कागदावर येणार नाही. कुजलेला ऊस, फुगून आंबट झालेली पेंड, भिजलेल्या गाद्या आणि त्यावर मारलेली जंतुनाशक पावडर. ऊस लांबून हिरवा दिसत होता. तात्यांनी शेंड्याचा एक पोंगा उपटून माझ्या हातात दिला, तो बोटांत मऊ लागला. आत गाळ बसलेला. पोंग्यात गाळ गेला की उसाची वाढ संपली. तो वरून हिरवा असला तरी मेलेला असतो. मग पंचनामे सुरू झाले. चंद्रीचं काय, तर मेलेलं जनावर दाखवा, निदान फोटो दाखवा. वाहून गेलेल्या म्हशीचा फोटो कोण काढणार? आलेला तरुण पोरगा होता, चिखलात बूट रुतलेले, तो बिचारा तरी काय करणार होता. त्याच दिवसांत धान्यवाटपाच्या एका सरकारी आदेशावरून महाराष्ट्रभर ओरड झाली होती. घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असेल तर कुटुंबाला दहा किलो गहू, दहा किलो तांदूळ. दीड दिवस बुडालेल्या माणसानं काय करायचं, असं लोक विचारत होते. मला मात्र तेव्हापासून दुसराच प्रश्न पडलाय. जो बुडायच्या आधीच उठून गेला, त्याचं काय?

गणपतीत गावी गेलो तेव्हा ट्रिपवाला विषय मीच काढला. म्हणजे माफी मागायची होती, पण आमच्या घरात माफी मागायची रीत नाही, म्हणून विषय काढला. तात्या काही बोलले नाहीत. आत गेले आणि कारखान्याच्या जुन्या डायरीचं एक पान उघडून पुढं ठेवलं. निळ्या पेनानं हिशेब होता. टेम्पो जाऊन-येऊन ३,६००. वैरण विकत, नऊ दिवस, १,३५०. तिसरी रक्कम दुधाची. दोन म्हशी मिळून रोज अकरा लिटर देत होत्या, त्या आत्याच्या गोठ्यात सहावर आल्या. जागा बदलली की म्हैस पान्हा चोरते. आत्याच्या हाताला तर मोरी पाय झाडायची, म्हणून तात्या स्वतः पहाटे मोटारसायकलवर जाऊन धार काढून यायचे. नऊ दिवसांचं पंचेचाळीस लिटर दूध, पन्नासच्या भावानं २,२५०. बेरीज ७,२०० आणि तिच्याखाली दोन रेघा. त्या पेट्रोलचा हिशेब त्यांनी धरला नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "ते आपलंच की."

मी मनातल्या मनात ‘वाया’ हा शब्द घोळवत होतो, तो त्यांना दिसला असावा. त्यांनी डायरी मिटली आणि मला ३७ चा हिशेब सांगितला. मी तोवर समजत होतो की २०१९ चा धसका घेतलेला म्हातारा माणूस, जरा लवकर घाबरतो. त्यांचं गणित उलटीकडून सुरू होत होतं. म्हशी न्यायच्या तर टेम्पो गोठ्यापर्यंत आला पाहिजे. टेम्पो यायचा तर ओढ्यावरची फरशी उघडी पाहिजे. फरशी ४० ला जाते. गगनबावड्याला आणि राधानगरीला जोर असला तर पाणी एका रात्रीत दोन-अडीच फूट चढतं. म्हणजे झोपताना साडेसदतीस असलं तर सकाळी रस्ता नाही. "मग किती झाल्यावर उठायचं? तूच सांग." मी गप्प. "इशारा ३९ चा त्यांचा. माझा ३७ चा." आणि मग, बोलता बोलता, जणू काही विशेष नाही अशा आवाजात ते म्हणाले, "औंदा बी फरशी गेलीच हुती की दोन दिवस. पाणी थांबलं म्हणून. न्हाईतर डेअरीवर हसालतं ते समदं अडकल्यालंच हुतं."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पाणी ४० च्या वर गेलं होतं, मला आकडा ठाऊक होता, फरशीचं गणित मी लहानपणापासून ऐकत आलोय. तरी फोनवर मी हसलो होतो. ते दोन दिवस अख्खं गाव बाहेर पडायला वाट नसताना पाण्याकडं बघत बसलं होतं आणि गावातला एकच माणूस त्या दोन रात्री झोपला होता.

परत येताना गाडीत राधानगरीचे दरवाजे आठवत होते. शाहू महाराजांच्या काळात हाती घेतलेलं ते धरण, त्याचे सात स्वयंचलित दरवाजे. पाणी ठरलेल्या उंचीला आलं की दरवाजा आपला आपण उघडतो, एकातून १,४२८ क्युसेक. कुणाची सही लागत नाही, बैठक लागत नाही, रात्र आहे का दिवस तो बघत नाही. उद्या पाऊस थांबला तर आपलं हसं होईल, हे दरवाजाला वाटत नाही. लहानपणी सहलीला गेलो होतो तेव्हा त्यातलं गुपित कुणीतरी समजावून सांगितलं होतं, तेव्हा काही कळलं नव्हतं, डबा खायची घाई होती. आता वाटतं तात्यांनी स्वतःला तसाच एक दरवाजा बसवून घेतलाय. फक्त त्याला बिजागऱ्या माणसाच्या आहेत, त्या डेअरीवरच्या हसण्यानं गंजतात.

तसाच दरवाजा पैशाला बसवता येतो, हे मी नंतर वाचलं. २०२० च्या जुलैमध्ये बांगलादेशात जमुनेच्या काठी ते करून बघितलं होतं (आपली ब्रह्मपुत्रा तिकडं उतरली की जमुना होते). आधीच ठरवून ठेवलेलं की अंदाजात पुराची शक्यता अमुक एवढी दिसली की तयारीला लागायचं, आणि पूर पाच दिवसांवर आला असं दिसलं की पैसे सोडायचे. तेव्हा पुन्हा विचारविनिमय नाही, तो आधीच उरकलेला. अंदाज त्या रेघेला टेकला आणि संयुक्त राष्ट्रांच्या आपत्कालीन निधीतून सुमारे ५२ लाख डॉलर सुटले. पाणी शिखरावर यायच्या आधी हजारो कुटुंबांच्या मोबाईलवर ४,५०० टाका (तिकडचं चलन) जमा झाले. काही घरांना पशुखाद्य दिलं आणि धान्य-बियाणं ठेवायला घट्ट झाकणाची पिंपं दिली. पिंपं! काकी २०१९ नंतर बाजारातून निळी पिंपं घेऊन आली तेव्हा घरात तिची चेष्टा झाली होती, एवढी पिंपं कशाला, लग्न काढलंय का म्हणून. त्या बांगलादेशी बायांनी आलेल्या पैशाचं काय केलं असेल हे मला कुठला अहवाल न वाचताही सांगता आलं असतं, तरी वाचलं. खाण्याचं सामान घेतलं, जनावरं हलवली. नंतर पाहणी केली तेव्हा पैसे मिळालेल्या घरांवर दिवसभर उपाशी राहायची पाळी कमी आली होती. आमच्या हिशेबात मांडायचं तर कुणीतरी तात्यांचा टेम्पो पाणी यायच्या आधी सांगून ठेवला होता.

ओडिशाचं उदाहरण सगळेच देतात, त्यामुळं ते लांबवत नाही. १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि वीस वर्षांनी फनी आलं तेव्हा बाराएक लाख लोकांना आधीच हलवलं आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. मला त्यात कुतूहल आहे ते त्या बारा लाखांपैकी कुणाच्या तरी घरी काहीच झालं नसेल, त्याचं. वादळ गेल्यावर तो परतला असेल, कौल जागच्या जागी, कोंबड्या जागच्या जागी. पुढच्या वेळी तो निघाला असेल का? त्याला कुणी हसलं असेल का?

आणि निघायचं म्हणजे जायचं कुठं, हाही प्रश्न असतोच. तात्यांना आत्या होती, आत्याचा माळ होता, गोठ्यात जागा होती. आमच्या खालच्या आळीत एक घर आहे, नवरा-बायको दोघंही मजुरीला जातात, एक शेळी, भाड्याची खोली. त्यांचा पावणापैही नदीकाठचाच. त्यांना ३७ सांगून काय उपयोग? शाळेतली छावणी धोक्याच्या आकड्याला उघडते. त्याच्या आधी गेलं तर वर्गात मुलं बसलेली असतात. काकीचंही वेगळंच. ती २०२१ ला आत्याकडं अकरा दिवस राहिली आणि तिच्या मते ते स्लॅबवरच्या दोन रात्रींपेक्षा अवघड होतं. पावण्याच्या घरी चहा मागून घ्यायचा, अंघोळीला नंबर लावायचा, आणि नणंद कितीही चांगली असली तरी तिची सून भांडी जरा जोरात ठेवायला लागली की कळतं. त्या वर्षी बंधाऱ्यावर पाणी ५६ च्या वर गेलं, २०१९ पेक्षा जास्त. आमच्या घरात छताला लागायचं बाकी राहिलं. पण घरात कुणी नव्हतं. म्हशी नव्हत्या. पिंपं माळ्यावर, सातबारा आणि पासबुकं दुहेरी पिशवीत काकीच्या कमरेला. फक्त मोरीचं जुनं दावं गोठ्यात राहिलं होतं, ते गाळात निघालं. तेव्हा तात्यांना कुणी हसलं नाही, उलट चार घरं त्यांच्या मागोमाग निघाली होती. मग मधे एक-दोन पावसाळे पाणी दारात आलं नाही आणि पुन्हा जिथल्या तिथं. विसरायला आम्हाला दोन पावसाळे पुरतात. मला तर पुण्यात बसून एवढेही लागले नाहीत.

काकीला मी एकदा विचारलं, तुला राग कशाचा आला होता, मी हसल्याचा? ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "त्यांनी त्या दिसापासनं डेअरीला जायाचंच सोडलंय. दूध मी नेती." हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तात्यांना डेअरीवरच्या त्या अर्ध्या तासाची किती आवड. दुधाच्या फॅटपासून दिल्लीच्या राजकारणापर्यंत सगळं तिथं. म्हणजे डायरीतल्या ७,२०० मध्ये हेही धरलेलं नव्हतं.

यंदा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मोबाईलवर आकडा बघत होतो. सकाळी ३४, दुपारी पस्तीस-चार. पुण्यात ऊन पडलं होतं. ऑफिसातून बाहेर येऊन जिन्यात उभा राहिलो आणि तात्यांच्या खात्यावर ३,६०० पाठवले. दोनच मिनिटांत फोन. मागं पावसाचा पत्र्यावर आवाज आणि रेडकाचं ओरडणं.

"कशाचं पाठवलंस रं पैसं?"

"टेम्पोचे."

"पाणी कुठं आलंय अजून? पस्तीस हाय."

"आलं नाही तरी असू द्यात. परत पाठवायचे नाहीत."

बराच वेळ नुसता पाऊस ऐकू येत होता. मला वाटलं फोन कट झाला. मग तात्या फोनपासून तोंड लांब नेऊन कुणाला तरी ओरडले, बहुतेक काकीला, की डायरी आण. आणि परत फोनवर येऊन म्हणाले, "गेल्या खेपंचा दर ऱ्हायलाय व्हय आता? जायाचंच दोन हजार सांगालाय त्यो."